जुनी अलॉय व्हील्स घेताय? तुमच्या गाडीला बसणारं आणि धडधाकट चाक असं निवडा

खड्ड्यात एक अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक) फुटलं की शोरूममधला नव्या चाकाचा भाव ऐकून बहुतेकांची पावलं जुन्या बाजाराकडे वळतात. त्यात गैर काहीच नाही. कंपनीचं मूळ, न ठोकलेलं जुनं अलॉय हे बाजारातल्या निनावी नव्या अलॉयपेक्षा कितीतरी भरवशाचं असतं. गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. विक्रेता म्हणतो ‘बसतं’, आणि ते खरोखर बसत नाही. किंवा बसतं, पण आतून तडकलेलं निघतं. दोन्ही गोष्टी पैसे देण्याआधी तपासता येतात. त्यासाठी तासभर वेळ आणि थोडं सामान लागतं.

सोबत हे ठेवा: मापाची टेप, जमल्यास वर्निअर (मिलिमीटरचे अंश मोजणारी पट्टी), एक लांब सरळ पट्टी, जोरदार टॉर्च, ओलं आणि कोरडं फडकं, तुमच्या गाडीचा एक नट (किंवा बोल्ट), आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या टायर-चाकाच्या पानाचा फोटो.

१. आधी स्वतःच्या गाडीचे आकडे काढा

दुकानात जाण्याआधी हे आकडे कागदावर हवेत.

पीसीडी: नटांच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ४×१०० म्हणजे चार भोकं, १०० मिमी. चार भोकांचं चाक मोजणं सोपं आहे. एका भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या भोकाच्या आतल्या कडेपर्यंत टेप धरा, तोच पीसीडी. पाच भोकांत समोरासमोर भोक येत नाही. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून १.७ ने गुणा. ते अंतर ५८.८ मिमी आलं तर पीसीडी १००, ६३.५ आलं तर १०८, ६५.८ आलं तर ११२, आणि ६७.२ आलं तर ११४.३. फरक किती बारीक आहेत बघा. ६५.८ आणि ६७.२ यांत टेपवर जेमतेम दीड मिमी आहे, म्हणून पाच भोकांसाठी वर्निअरच वापरा.

हबचा व्यास, म्हणजे सेंटर बोअर: चाकाच्या मधल्या भोकात गाडीच्या हबची (चाक ज्यावर बसवतात त्या फिरत्या भागाची) गोल कडा बसते. चाक मध्यावर बसवण्याचं काम याच कडेचं असतं.

ऑफसेट, म्हणजे ईटी: चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, ते अंतर. ईटी जितका कमी, तितकं चाक फेंडरबाहेर (चाकावरच्या पत्र्याबाहेर) येतं.

व्यास आणि रुंदी: १५×६ जे म्हणजे १५ इंच व्यास, ६ इंच रुंदी; ‘जे’ ही रिमच्या कडेच्या आकाराची खूण.

नटाचा आटा आणि बैठक: आटा म्हणजे नटाच्या आतली पेचदार खाच, बैठक म्हणजे नट चाकाच्या भोकात जिथे टेकतो ती जागा. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. चुकला तर धोका मात्र याचाच मोठा. पुढे सविस्तर येईलच.

हे आकडे बहुतेक अलॉयच्या मागच्या बाजूला, आऱ्यांच्या पाठीवर किंवा हबच्या भोवती ओतलेले असतात. तिथे ईटी लिहिलेला नसेल तर मोजता येतो. टायर नसलेलं चाक तोंडावर पालथं घाला, मागच्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतची खोली मोजा. त्यातून चाकाच्या एकूण बाहेरच्या रुंदीचा निम्मा भाग वजा करा. ६ इंची चाकाची बाहेरून मोजलेली रुंदी साधारण १७८ मिमी भरते, कारण ६ इंच हे फक्त टायर बसण्याच्या जागेचं माप आहे. निम्मे झाले ८९. खोली १३४ भरली तर ईटी ४५.

२. कोणत्या गाडीचं चाक चालेल ते ठरवा

सर्वात सुरक्षित वाट म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचं चाक. स्विफ्ट व्हीएक्सआयला लोखंडी डिस्कवर (साध्या लोखंडी चाकावर) १६५/८० आर १४ टायर येतात आणि झेडएक्सआयला अलॉयवर १८५/६५ आर १५. त्याच पिढीच्या झेडएक्सआयचा संच व्हीएक्सआयला लावताना काहीच कापाकापी लागत नाही. शिवाय ते माप कंपनीनेच त्या गाडीसाठी मंजूर केलेलं असतं, याचा विम्याच्या वेळी उपयोग होतो.

दुसऱ्या गाडीचं चाक घ्यायचं असेल तर नुसता पीसीडी जुळून भागत नाही. स्विफ्ट, बलेनो, ह्युंदाई आय-२०, होंडा सिटी या सगळ्या ४×१००. पण स्विफ्ट आणि आय-२० यांचा हब ५४.१ मिमी, तर सिटीचा ५६.१. म्हणजे स्विफ्टचं चाक सिटीच्या हबवर शिरणारच नाही. सिटीचं चाक स्विफ्टवर शिरेल, पण दोन मिमी सैल राहील आणि नीट मध्यावर येणार नाही. ते मध्यावर आणायला हब रिंग लागते. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं, बऱ्याचदा ६७.१ किंवा ७३.१ ठेवतात, त्यांनाही रिंग हवीच. रिंगवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ७३.१–५४.१: पहिला चाकाचा, दुसरा हबचा. रिंग न लावता बसवलेलं चाक ऐंशीच्या पुढे स्टिअरिंगला थरथर देतं. मग लोक बॅलन्सिंगवर पैसे घालत राहतात आणि थरथर तशीच राहते.

फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो आणि श्कोडा रॅपिड या ५×१००, हब ५७.१. क्रेटा आणि इनोव्हा दोन्ही ५×११४.३, पण क्रेटाचा हब ६७.१ आणि इनोव्हाचा ६०.१. फोर्ड फिगो ४×१०८ आणि फियाट पुंतो, लिनिया ४×९८. शेवटच्या दोन कंपन्यांच्या गाड्या इथे बनायच्या थांबल्या, म्हणून त्यांच्या मालकांना जुन्या बाजाराशिवाय फारसा पर्याय उरत नाही, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ९८ च्या हबवर १०० चं चाक जोर लावून आवळलं तर बसल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक बोल्ट मिलिमीटरभर तिरका खेचला जातो, बैठकीला एकाच बाजूने टेकतो आणि चालता चालता सैल होतो. अशा वेळी ‘ॲडजस्ट होतं साहेब’ म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

आठ भोकांची अलॉय दोन पीसीडींना बसावीत म्हणून तशीच बनवलेली असतात, ती चालतात. जुनी भोकं वेल्डने बुजवून नवी पाडलेलं चाक मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नका.

ऑफसेटचा हिशेब कसा धरायचा? समजा तुमचं चाक ६ जे, ईटी ४५ आहे आणि समोर ७ जे, ईटी ३५ आलं. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. शिवाय ईटी १० ने कमी. चाकाची बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर येणार, आतली फक्त २.७ मिमी आत जाणार. एवढं बाहेर आलेलं चाक मागे माणसं बसली की फेंडरला घासतं, आणि व्हील बेअरिंगवरचा ताणही वाढतो. मूळ ईटीपासून पाच-सात मिमीच्या आत राहा.

३. टायरचा एकूण व्यास बदलू देऊ नका

मोठं अलॉय घेतलं की टायर बुटका घ्यावा लागतो. १६५/८० आर १४ म्हणजे टायरची रुंदी १६५ मिमी, भिंतीची उंची तिच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. हिशेब असा: टायरची रुंदी गुणिले टक्केवारी गुणिले दोन, अधिक रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये (एक इंच म्हणजे २५.४ मिमी). १६५/८० आर १४ चा व्यास ६१९.६ येतो, १८५/६५ आर १५ चा ६२१.५, १९५/५५ आर १६ चा ६२०.९. तिन्ही जवळजवळ सारखे, म्हणून स्पीडोमीटर आणि एबीएस दोन्ही बरोबर चालतात. फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा.

महाराष्ट्रातले रस्ते बघता माझा स्पष्ट सल्ला: कंपनीने दिलेल्या सर्वात मोठ्या मापाच्या वर जाऊ नका. टायरची भिंत जितकी बुटकी, तितका खड्ड्याचा मार थेट रिमच्या कडेवर. पावसाळ्यात घाटरस्त्याला १७ इंची अलॉय आणि ४५ चं टायर घेऊन जाणं म्हणजे पुढच्या फुटक्या चाकाची तयारी.

४. शोध आणि फोनवरचे प्रश्न

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची जुनी ठिकाणं. नवी गाडी घेऊन लगेच मोठी अलॉय लावणारे लोक मूळ संच ओएलएक्सवर विकतात. माझ्या मते सर्वात चांगला माल तिथेच असतो: जेमतेम चाललेला, टायरसकट, आणि मालक समोर.

जाण्याआधी फोटो मागवा: चाकाच्या मागच्या बाजूचे, ओतीव आकड्यांचे आणि आतल्या कडेचे. फक्त दर्शनी बाजूचेच फोटो पुन्हा पुन्हा पाठवणाऱ्याकडे जाऊन पेट्रोल जाळू नका. एवढे प्रश्न विचारा: कोणत्या गाडीची, कोणत्या वर्षाची? सरळ करून घेतलीत का, वेल्ड केलीत का, रंगवलीत का? चारही एकाच संचाची आहेत का? गाडी कुठे चालली?

शेवटचा प्रश्न किनारपट्टीसाठी. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या अलॉयला लॅकरखाली (वरच्या पारदर्शक लेपाखाली) पांढरे फोड येतात. दर्शनी बाजूचे फोड दिसायला वाईट, एवढंच. टायर जिथे टेकतो त्या कडेवरचं गंजणं मात्र हवा हळूहळू सोडत राहतं.

एकच फुटलेलं चाक बदलायचं असेल तर कंपनीचा पार्ट नंबर जुळवा. फेसलिफ्टनंतर (त्याच मॉडेलला कंपनीने नवं रूप दिल्यावर) डिझाइन तेच राहून रंगाची छटा किंवा ईटी बदललेला असू शकतो.

५. चाक पालथं घाला

खरेदीचा निर्णय इथे होतो. दर्शनी ओरखडे भावात घासाघीस करायला उपयोगी, बाकी दुय्यम. चाकाचा खरा इतिहास पाठीवर असतो, म्हणून आधी ओल्या फडक्याने ब्रेकची काळी धूळ पुसून घ्या. धूळ पुसू न देणारा विक्रेता काहीतरी झाकतोय.

आतली कड बोटाने पूर्ण फिरून चाचपा. खड्ड्याचा दणका बहुतेक वेळा आतल्या कडेला बसतो, कारण तिला आऱ्यांचा आधार नसतो. चपटा झालेला भाग बोटाला लगेच कळतो. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा बेंड चांगला कारागीर हायड्रॉलिक मशीनवर काढतो. त्याहून खोल असेल तर सोडून द्या, कारण ॲल्युमिनियम जितकं वाकवून परत आणाल तितकं ते ठिसूळ होऊन तडकतं.

मग टॉर्च तिरका धरून तडे शोधा. जागा ठरलेल्या: आतल्या कडेपासून आत जाणारी केसासारखी रेघ, आरा जिथे रिमला मिळतो तो कोपरा, नटांच्या भोकांमधली जागा, व्हॉल्व्हचं भोक. ओरखडा नखाला उथळ लागतो आणि कुठेतरी संपतो. तडा कडेपासून सुरू होतो आणि बऱ्याचदा त्यात काळी रेघ भरलेली असते. शंका आली तर डाय पेनिट्रंटचा स्प्रे मारून बघा: पृष्ठभाग साफ करून लाल द्रव मारायचा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसायचा, वर पांढरी भुकटी. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. भोसरी, चिंचवड, अंबडसारख्या औद्योगिक भागात वेल्डिंग तपासणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे सहज होतं.

वेल्डची खूण म्हणजे फुगीर, खवल्याखवल्यांची रेघ किंवा घासून सपाट केलेला, आजूबाजूपेक्षा गुळगुळीत पट्टा. बहुतेक ओतीव अलॉय ए-३५६ या मिश्रधातूची असतात आणि त्यांना ताकद मिळते ती उष्णताप्रक्रियेने. वेल्डच्या आचेने त्या जागेभोवतीची ती ताकदच जाते. टिग वेल्ड (ॲल्युमिनियमला करतात ते बारीक वेल्डिंग) कितीही सफाईदार असला तरी आऱ्यावर किंवा हबजवळ वेल्ड असलेलं चाक घ्यायचं नाही.

चारही चाकं पाठीमागूनही झकास, ताज्या रंगाची दिसली तर आनंदून जाऊ नका. दर्शनी भाग चमकवणं समजू शकतं, पण आतली बाजू रंगवायला सहसा कारण असतं. आतून एपॉक्सी लावून हवा गळणं थांबवलेली चाकंही अशीच रंगाखाली दडतात.

नटांची भोकं बघा. बैठक गोल आणि गुळगुळीत हवी. सैल नटांवर चाललेल्या चाकाची भोकं लंबगोल झालेली असतात. अशा चाकाला दुरुस्ती नाही.

शेवटी ओतीव खुणा वाचा. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी चाचणीच्या खुणा, अलीकडच्या चाकांवर आयएसआयचीही खूण दिसते, आणि किलोमध्ये भारक्षमता. बाजारू नकलांवर भारक्षमता बहुधा नसतेच. ती तुमच्या जास्त भाराच्या ॲक्सलवरच्या वजनाच्या निम्म्यापेक्षा जास्त हवी. हॅचबॅकचं चाक एमपीव्हीला (इनोव्हासारख्या मोठ्या गाडीला) लावणं याच कारणाने चूक, भोकं जुळली तरी.

६. टायर सोबत असतील तर

टायरची किंमत वेगळी धरा. भिंतीवर चार आकडी तारीख असते: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरची किंमत शून्य, नक्षी कितीही शिल्लक असो. नक्षी १.६ मिमीच्या खूणपट्टीला टेकली असेल तर तो टायर रस्त्यावर चालवणं नियमबाह्यही आहे. टायर चढवलेलं असताना रिमचा आतला भाग झाकलेला राहतो, हेही लक्षात ठेवा.

७. टायरवाल्याकडे मशीनवर फिरवून घ्या

‘मशीनवर सरळ निघालं तरच पैसे’ हे आधीच बोलून ठेवा. प्रामाणिक विक्रेता तयार होतो. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवा आणि कडेजवळ स्क्रूड्रायव्हरचं टोक स्थिर धरून फट बघा. फट कमी-जास्त होताना दिसली तर चाक वाकडं आहे. वर-खाली आणि डावी-उजवीकडे, दोन्ही बघा. एका मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. एका बाजूला साठ ग्रॅमच्या पुढे वजन मागणारं चाक बाजूला ठेवा, किंवा टायर काढून नुसती रिम फिरवून बघा. टायर चढलेलं असेल तर ३५ पीएसआय हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवा. बुडबुडे व्हॉल्व्हमधून आले तर व्हॉल्व्ह बदला. धातूच्या अंगातून आले तर चाक परत.

८. पैसे देण्याआधी एक चाक पुढे लावून बघा

मागे ड्रम असलेल्या गाड्यांत अडचण बहुधा पुढेच येते, कारण आरा ब्रेक कॅलिपरला (ब्रेकची तबकडी पकडणाऱ्या भागाला) लागू शकतो. कॅलिपरवर मळलेल्या कणकेची छोटी गोळी चिकटवा, चाक लावा, हाताने एक फेरी फिरवा, काढा. गोळीची जाडी तीन मिमीच्या खाली दबली असेल तर फट अपुरी आहे. मग चाक लावूनच स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आत काही घासतंय का बघा.

आता आटा. मारुतीचा स्टड (हबमधून बाहेर आलेला, नट चढतो तो दांडा) एम १२×१.२५, म्हणजे १२ मिमी जाड आणि आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी; ह्युंदाई, होंडा, टोयोटाचा एम १२×१.५. आय-२० च्या अलॉयसोबत मिळालेले चकचकीत नट स्विफ्टच्या स्टडवर दोन फेऱ्या जातात आणि अडकतात. तिथे व्हीलपान्याने जोर लावला की स्टडचा आटा गेला. म्हणून नट नेहमी तुमच्या गाडीच्या आट्याचे आणि चाकाच्या बैठकीच्या आकाराचे. होंडाच्या मूळ चाकांना आणि पोलोच्या बोल्टना गोलाकार बैठक असते, बाजारातल्या अलॉयला शंकूची. गोल बोल्ट शंकूत बसवला तर तो फक्त एका पातळ रेघेवर टेकतो. आवळलेला वाटतो, पण राहत नाही. पोलोला बाजारचं अलॉय लावताना एम १४×१.५ चे शंकूच्या बैठकीचे वेगळे बोल्ट घ्या. नट हाताने किमान आठ पूर्ण फेऱ्या गेला पाहिजे.

९. पावती आणि कागद

उभ्या गाड्यांची चाकं चोरीला जातात, आणि ती याच बाजारात येतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. फारच स्वस्त, रात्री उशिरा, कागद नाही, लॉक नटची (चोरी टाळायला लावलेल्या, खास किल्लीने उघडणाऱ्या नटाची) किल्ली नाही, असं असेल तर थांबा. हे मागा:

- विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत (आधार असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली)
- चाकं ज्या गाडीची त्या आरसीचा किंवा मूळ बिलाचा फोटो
- पार्ट नंबर, माप, संख्या आणि रक्कम लिहिलेली सहीची पावती
- यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद

भाव ठरवताना त्याच पार्ट नंबरच्या नव्या चाकाची किंमत डीलरकडून काढा. टायर नसलेल्या, न ठोकलेल्या जुन्या चाकाला तिच्या निम्म्याहून जास्त देऊ नका.

१०. बसवणं

व्हॉल्व्ह नवे घाला, टायरचा दाब दाखवणारे सेन्सर असतील तर जुन्या चाकातून काढून घ्या. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर नवं चाक सपाट टेकत नाही. आट्यांना ग्रीस नको. दर्शनी कडेला ठोकायची नव्हे, आतून चिकटवायची वजनं लावायला सांगा. नट हाताने सुरू करा, मग एक सोडून एक असे समोरासमोर आवळा. एअर गनने शेवटचा आवळा मारू देऊ नका. टॉर्क पान्याने मॅन्युअलमधला आकडा लावा: छोट्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, पोलोत १२०. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा, कारण नवी बैठक थोडी दबते. चाकांचं माप बदललं असेल तर अलाइनमेंटही करा.

११. विमा आणि स्टेपनी

कंपनीने तुमच्या व्हेरियंटला न दिलेली अलॉय ही विम्यात जादा ॲक्सेसरी धरली जातात. पावतीची प्रत देऊन त्यांची किंमत पॉलिसीत नोंदवून घ्या, नाहीतर अपघातात त्यांची भरपाई मिळणार नाही.

जुन्या डिस्कपैकी चांगली एक स्टेपनी म्हणून ठेवा. अलॉयचे नट वेगळ्या बैठकीचे असतील तर लोखंडी डिस्कचे मूळ नटही एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खाचेत ठेवा आणि लॉक नट लावले असतील तर त्यांची किल्लीही त्याच पिशवीत.